शुल्क मागण्याआधी डबा निथळून पाहावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने असे मत मांडले होते की, परदेशातून येणाऱ्या डबाबंद फळांवर सरकारने जबर आयात शुल्क बसवले, तर माळव्यात डबाबंदीचे कारखाने उभे राहतील आणि आगर, सुसनेरकडच्या संत्री उत्पादकाला हंगामात मातीमोल भावाने माल विकावा लागणार नाही. त्यांची कळकळ मला मनापासून पटते, कारण माझ्या सख्ख्या भावाची संत्र्याची बाग सुसनेरजवळ आहे आणि भाव पडलेल्या वर्षी तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही, हे मी घरातच पाहिले आहे. परंतु त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे मी सियागंजातल्या माझ्या दुकानातल्या एका जिनसेच्या आधारे सांगू इच्छिते. ती जिन्नस म्हणजे पीचचा डबा.

माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेले बेकरीच्या कच्च्या मालाचे घाऊक दुकान मी गेली बावीस वर्षे सांभाळते आहे. पीचला हिंदीत आडू म्हणतात, जुनी मराठी माणसे सप्ताळू म्हणत; मात्र व्यवहारात सगळेच पीच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते. इंदूरमध्ये या डब्यांना गिऱ्हाईक कोण, असे कोणी विचारील, तर पेस्ट्री करणारे बेकरीवाले, लग्नाच्या पंगतीत फ्रूट क्रीम ठेवणारे केटरर आणि डिसेंबरात केकची मागणी वाढली की मोठी हॉटेले. सासऱ्यांच्या काळात परदेशी डबा क्वचित यायचा. माझ्या काळात त्याच मांडणीवर कधी दक्षिण आफ्रिकेचा, कधी ग्रीसचा, कधी चीनचा माल आला आणि गेला. डब्यावरचे चित्र प्रत्येक वेळी तेच, पिवळ्या फोडी आणि एक हिरवे पान; देश मात्र बदलत राहिला. हा देश का बदलतो, याचा शोध घेण्याची मला सवय लागली आणि त्या नादात जे वाचले, ते आता माळव्याच्या कामाचे आहे असे वाटते.

पहिली गोष्ट फळाच्या जातीची. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातल्या राजगढकडून किंवा उत्तराखंडातून जे आडू उन्हाळ्यात आपल्या चोइथराम मंडीपर्यंत येतात, ते बोटाने दाबले तरी रस सुटतो, इतके मऊ असतात आणि चांगले पिकलेल्या फळाचा गर कोयीपासून सहज सुटतो. खायला ते उत्तम. परंतु असे फळ डब्यात घालून उकळले, तर फोडीच्या कडा विरघळतात आणि पाक गढूळ होतो. जगाच्या व्यापारात डब्यात जाणारा पीच बहुतेक वेगळाच असतो. त्याचा गर कोयीला घट्ट चिकटलेला असतो, पिकल्यावरही तो रबरासारखा चिवट राहतो आणि उष्णता सोसून आकार टिकवतो. ग्रीसमधल्या शेतकऱ्यांनी आंद्रोस, एव्हर्ट्स यांसारख्या जाती लावल्या त्या याच गुणासाठी. कारखान्यात हे फळ यंत्राने दुभागून कोय खरवडून काढतात, कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणातून नेऊन साल उतरवतात, धुऊन घेतात आणि पाकासह डब्यात भरून डबा बंद करून तापवतात. पीच मुळात आंबट असल्यामुळे त्याला मांस किंवा मटार यांच्याइतकी उष्णता द्यावी लागत नाही. उकळत्या पाण्याच्या आसपासचे तापमान पुरते. निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने हवाबंद करून तापवण्याची ही युक्ती १८१० मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यासाठी सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. त्याने काचेच्या बाटल्या वापरल्या होत्या, पत्र्याच्या डब्याचे पेटंट त्याच वर्षी इंग्लंडात घेतले गेले. तत्त्व आजही तेच आहे.

आता या चिवट जातीतच शेतकऱ्याची अडचण दडलेली आहे. ताजे खाणारा ग्राहक असे फळ सहसा उचलत नाही. ज्याने डब्याची जात लावली, त्याला एकच गिऱ्हाईक उरते, ते म्हणजे जवळचा कारखाना. झाड लावल्यापासून तिसऱ्या वर्षी फळ धरते आणि पंधरा-वीस वर्षे चालते. म्हणजे आज घेतलेला निर्णय पुढची दोन दशके पाठीशी राहतो. कारखान्याने त्या काळात खरेदी कमी केली, तर झाड उपटण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. उत्तर ग्रीसमधल्या इमाथिया आणि पेला या दोन जिल्ह्यांत, वेरिया, नाउसा, स्किद्रा या गावांच्या परिसरातल्या सपाट शेतांत, जगाच्या बाजारात सर्वांत जास्त जाणारा डबाबंद पीच तयार होतो. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात, दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात, अर्जेंटिनाच्या मेंडोसात, चिलीत, स्पेनच्या मुर्सियात, ऑस्ट्रेलियाच्या शेपर्टनभोवती आणि चीनच्या अनेक प्रांतांत हेच चालते. उत्तर गोलार्धातला माल जुलै ते सप्टेंबरात निघतो, दक्षिणेतला डिसेंबरानंतर. एकीकडे पीक चांगले आले की भाव सगळीकडे हलतात, कारण डबा दोन-तीन वर्षे टिकतो आणि गोदामात पडलेला जुना साठासुद्धा नव्या पिकाशी स्पर्धा करतो. भाज्यांच्या बाजारात आपण हे सहसा अनुभवत नाही. कालचा उरलेला टोमॅटो आजच्या टोमॅटोशी लढत नाही, डबा मात्र लढतो.

अशा व्यापारात प्रत्येक देशाला कधी ना कधी वाटते की, बाहेरचा माल अडवला म्हणजे आपला शेतकरी वाचेल. अर्जेंटिनाला २००१ मध्ये तसेच वाटले. तिथल्या सरकारने डबाबंद पीचच्या आयातीवर तीन वर्षांसाठी संरक्षक शुल्क बसवले. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार असे शुल्क बसवता येते; पण त्यासाठी आधी चौकशी करून तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. आयात खरोखर वाढली आहे, त्या वाढीमुळे देशातल्या उद्योगाचे गंभीर नुकसान झाले आहे किंवा होण्याचा स्पष्ट धोका आहे, आणि ही वाढ अशा घडामोडींमुळे झाली आहे ज्यांची कल्पना शुल्क कमी करण्याच्या सवलती देताना कोणाला नव्हती. शेजारच्या चिलीने त्याच वर्षी तक्रार केली. १४ फेब्रुवारी २००३ रोजी तज्ज्ञ मंडळाचा अहवाल सर्व सदस्य देशांना दिला गेला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो स्वीकारला गेला. अर्जेंटिना तिन्ही कसोट्यांवर हरला.

हा निकाल मी एका वाचनालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचला आणि त्यातला एक मुद्दा मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. अर्जेंटिनाच्या अधिकाऱ्यांनी अखेरच्या वर्षांतली आयातीची चढती रेघ दाखवली होती. त्याआधीच्या वर्षांत हीच आयात उतरली होती, याचा मात्र त्यांनी विचार केला नव्हता. मंडळाने म्हटले की, चौकशीचा सगळा कालखंड समोर असताना त्यातला सोयीचा तुकडा उचलून वाढ झाली असे ठरवता येणार नाही. जगात उत्पादन वाढले, साठे वाढले आणि भाव पडले, हीच अनपेक्षित घडामोड असल्याचे अर्जेंटिनाने सांगितले, तेव्हा मंडळाचे उत्तर असे होते की, आयात वाढली हे एक आणि ती कोणत्या अनपेक्षित कारणाने वाढली हे दुसरे. पहिल्यालाच दुसरे म्हणून पुढे करता येत नाही. धोक्याचा निष्कर्षही पुरेशा आधाराने मांडलेला नव्हता. मी काही कायद्याची जाणकार नाही, पण रोज जमाखर्च लिहिणाऱ्या कोणालाही हे पटावे. दिवाळीच्या आठवड्याची विक्री दाखवून वर्षभराचा धंदा वाढला असे मी बँकेला सांगितले, तर बँक मला दारातूनच परत पाठवील.

आपल्याकडे संत्र्यासाठी शुल्क मागायचे, तर हेच प्रश्न आपल्याला विचारले जातील. डबाबंद संत्र्याच्या फोडींची आयात किती आहे? ती कोणत्या वर्षापासून वाढली? आणि मुख्य म्हणजे, नुकसान झालेला देशी उद्योग कोणता? जो कारखाना अजून उभाच राहिलेला नाही, त्याचे नुकसान झाले असे कोणत्या आकड्यांनी सिद्ध करणार? पत्रलेखकांनी याचा विचार करावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

शुल्क नसेल, तर अनुदान द्यावे असेही म्हटले जाते. युरोपने तो मार्ग १९७० च्या दशकाच्या अखेरीस धरला होता. शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव देणाऱ्या कारखानदाराला फरकाची रक्कम सरकार देत असे आणि १९८१ मध्ये ग्रीस युरोपीय समुदायात आल्यावर तिथल्या पीचचे डबे या आधारावर जगभर निघाले. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या गॅट या व्यवस्थेकडे दाद मागितली. १९८५ च्या अहवालात पीच आणि नासपती यांच्याबाबत अमेरिकेचे म्हणणे बव्हंशी मान्य झाले, पण त्या काळी हरलेल्या पक्षाची संमती नसेल तर अहवाल स्वीकारला जात नसे. तो तसाच राहिला आणि शेवटी दोन्ही पक्षांनी आपसात तडजोड केली. युरोपने ही मदत २००७ च्या सुधारणेनंतर मालापासून तोडून शेतकऱ्याच्या जमिनीशी जोडली. या सगळ्याचा फायदा इमाथियाच्या शेतकऱ्याला नक्की झाला, हे मी नाकारत नाही. पण त्यामागे एका खंडाची तिजोरी होती. न्यूझीलंडनेही ग्रीस, दक्षिण आफ्रिका, स्पेन आणि चीन येथून येणाऱ्या पीचच्या डब्यांवर वेळोवेळी अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे परदेशी माल वाजवीपेक्षा कमी भावाने ओतला जातो म्हणून बसवायचे शुल्क, लावले. २०१९ च्या ऑक्टोबरात तर एअरबस या युरोपीय विमान कंपनीला मिळणाऱ्या अनुदानाच्या भांडणात अमेरिकेने युरोपच्या ज्या मालावर २५ टक्के जादा शुल्क लावले, त्यात ग्रीसचा डबाबंद पीचही होता. एअरबसच्या विमानाशी वेरियाच्या बागायतदाराचा संबंध काय, हा प्रश्न मला त्या वेळीही पडला होता आणि आजही त्याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

ऑस्ट्रेलियाची हकीकत मात्र थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आपल्याला हवा असलेला विचार मला तिथे सापडला. व्हिक्टोरिया राज्यातल्या गोलबर्न नदीच्या खोऱ्यात शेपर्टन हे गाव आहे. तिथल्या बागायतदारांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सहकारी तत्त्वावर फळे टिकवण्याचा कारखाना काढला. पुढे तो सहकारी राहिला नाही. २००५ मध्ये एका मोठ्या शीतपेय कंपनीने तो विकत घेतला. त्यानंतर ऑस्ट्रेलियन डॉलर महाग झाला, निर्यात गेली, देशातल्या मोठ्या दुकानांनी आपल्या स्वतःच्या नावाने स्वस्त परदेशी डबे विकायला सुरुवात केली आणि लोकांनीही डब्यातले फळ पूर्वीइतके खाणे सोडले. २०१३ मध्ये कारखान्याने बागायतदारांकडून घ्यायची फळे मोठ्या प्रमाणात कमी केली. अनेकांनी फळे धरणारी झाडे बुलडोझर लावून पाडली. फळाने वाकलेले झाड जमिनीतून उपटून ओळीने रचून ठेवायचे आणि मग पेटवायचे, हे करणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होत असेल, याची कल्पना सुसनेरच्या माणसाला वेगळी द्यावी लागणार नाही.

कारखान्याने संरक्षक शुल्काची मागणी केली. सरकारला आर्थिक सल्ला देणाऱ्या तिथल्या उत्पादकता आयोगाने चौकशी केली आणि २०१३ च्या अखेरीस निर्णय दिला की, नुकसान खरे आहे, पण त्याचे मुख्य कारण आयातीची लाट हे नाही. चलनाचा दर, दुकानांचे धोरण, घटलेली निर्यात आणि बदललेली आवड ही कारणे शुल्काने दूर होणार नाहीत. २०१४ च्या सुरुवातीस केंद्र सरकारने कारखान्याला अडीच कोटी डॉलर द्यायलाही नकार दिला. राज्य सरकारने त्यानंतर दोन कोटी वीस लाख दिले, ते यंत्रे सुधारण्यासाठी. केंद्राचा नकार मला कठोर वाटतो, हे मी लपवत नाही. परंतु आयोगाने जी पद्धत वापरली, ती योग्य होती. अर्जेंटिनाने शुल्क आधी बसवले आणि हिशेब अपुरा ठेवला. ऑस्ट्रेलियाने हिशेब आधी मांडला. ज्या शेतकऱ्याला वाचवायचे आहे, त्याचे दुखणे नेमके कुठे आहे, हे शोधल्याशिवाय औषध देणे हे त्याच्यावरच अन्याय करण्यासारखे आहे.

कॅलिफोर्नियातही हेच दिसते. तिथे परदेशी डब्यावर १७ टक्के शुल्क अनेक वर्षांपासून आहे. तरीही बागा कमी होत गेल्या आणि २०२५ च्या जुलैत डेल माँटे फूड्स या डबाबंद फळांच्या १३० वर्षांहून जुन्या अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. (भारतात याच नावाने विकल्या जाणाऱ्या मालाचा व्यवसाय निराळ्या कंपनीकडे आहे, हे माझ्या गिऱ्हाइकांसाठी इथे नोंदवते, त्या दिवसांत दुकानात रोज हा प्रश्न विचारला जात होता.) शिवाय पोलादावर अमेरिकेने २०१८ मध्ये २५ टक्के आणि २०२५ मध्ये ५० टक्के शुल्क लावल्यामुळे डब्याचा पत्राच महागला. एका उद्योगाला दिलेले संरक्षण दुसऱ्याच्या मुळावर आले. डबाबंद फळाच्या खर्चात पत्र्याचा वाटा किती मोठा असतो, हे ज्याने कधी रिकामे डबे घाऊक भावाने विकत घेतले आहेत, त्यालाच कळते.

आता माळव्याकडे येते. जगात संत्र्याच्या फोडींचे जे डबे विकले जातात, त्यात सात्सुमा या बिनबियांच्या जातीचे फळ असते आणि त्यातला मोठा वाटा चीनचा आहे. फोडीवरची पातळ पापुद्र्यासारखी साल आधी सौम्य आम्लाने आणि मग सौम्य अल्कलीने काढतात, म्हणून ती केशरी फोड डब्यात नितळ दिसते. युरोपने स्पेनच्या कारखान्यांसाठी २००८ मध्ये या चिनी डब्यांवर अँटी-डम्पिंग शुल्क लावले. २०१२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ते अवैध ठरवले आणि २०१३ मध्ये दुरुस्ती करून ते पुन्हा लावावे लागले. पण त्या भांडणाहून आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की, आपल्या बागांतले संत्रे नागपुरी जातीचे आहे. ते गोड आहे, रसाळ आहे, सुटायला सोपे आहे. परंतु त्यात बिया असतात आणि त्याचा रस तापवून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. चिवट गराचा पीच जसा डब्यासाठी आणि मऊ गराचा पीच जसा खाण्यासाठी, तसेच हे आहे. परदेशी डब्यावर उद्या शंभर टक्के शुल्क बसले, तरी भावाच्या बागेतल्या संत्र्यातल्या बिया कमी होणार नाहीत.

भावाचा अनुभवही सांगते. काही वर्षांपूर्वी फळप्रक्रियेचा एक उद्योग आमच्या बाजूला येणार, असे सांगत काही मंडळी गावोगाव फिरली. लहान फळही घेऊ, बारदान आमचे, गाडी आमची, असे तोंडी आश्वासन त्यांनी दिले. भाव कागदावर कोणी लिहून दिला नाही आणि माझ्या भावाने तो मागितलाही नाही. त्या भरवशावर त्याने दोन बिघ्यांत नवी कलमे लावली आणि मंडीतल्या आडत्याशी असलेला जुना व्यवहार ढिला केला. बहर आला तेव्हा ती मंडळी फोनही उचलत नव्हती. झाडाखाली फळांचा सडा पडला होता, वरच्या थरातली फळे ठीक दिसत, पण पायाने सरकवली की खालची बुरशीने हिरवी झालेली असत आणि तो आंबूस वास विहिरीपर्यंत येत होता. वहिनीने त्यातली चांगली निवडून नात्यातल्या सगळ्यांना पाठवली. आम्ही इंदुरात शेजाऱ्यांना वाटली. त्या वर्षी त्याला कोणत्याही परदेशी डब्याने बुडवले नाही. लेखी करार नव्हता, म्हणून तो बुडाला.

त्यामुळे आपण सरकारकडे काही मागायचे असेल, तर ते असे असावे, असे मला वाटते. माळव्याच्या हवेत बिनबियांची, प्रक्रियेला योग्य अशी संत्र्याची किंवा मोसंबीची कोणती जात टिकते, याची चाचणी कृषी विद्यापीठाने शेतकऱ्याच्या शेतात घ्यावी आणि तिचे निकाल हंगामाच्या हंगामाला जाहीर करावेत. प्रक्रियेसाठी लागवड करायला सांगणाऱ्याने कलम लावण्याआधी किमान भाव, किमान खरेदी आणि खरेदी न केल्यास द्यायची भरपाई लिहून द्यावी. कारखान्यात बागायतदारांचा स्वतःचा हिस्सा असावा. कॅलिफोर्नियात लोडाय येथे मुख्यालय असलेली बागायतदारांची सहकारी संस्था आजही फळे डब्यात भरते आणि तिथे निर्णय घेणारे लोक स्वतःच्या झाडांबद्दल निर्णय घेतात, हे विसरू नये. सहकार आपल्या लोकांना नवा नाही. माळव्यात दूध संघ चालतो, तर फळांचा का चालू नये?

आणि एक मागणी अशी आहे की, जिच्यासाठी जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेची परवानगी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. पाकात बुडवलेल्या फळाच्या डब्यावर एकूण वजनाबरोबर पाक निथळल्यानंतरचे फळाचे वजन छापले पाहिजे, असा आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. पाक घातलेल्या डब्यात फळाचे वजन एकूण वजनाच्या निम्म्याहून कमी असू नये, असेही मानक आहे. माझ्याकडे येणाऱ्या नेहमीच्या डब्यावर एकूण ८२० ग्रॅम आणि फळ ४७० ग्रॅम असे छापलेले असते, म्हणजे फळ सुमारे ५७ टक्के. तीन वर्षांपूर्वी एका आयातदाराकडून आलेल्या मालाबद्दल एका बेकरीवाल्याने तक्रार केली की, नेहमी आठ फोडी निघतात, यातून सहाच निघाल्या. मी त्या खेपेतले पाच डबे उघडले, जाड चाळणी किंचित तिरकी धरून प्रत्येक डबा दोन मिनिटे निथळू दिला आणि फोडी काट्यावर ठेवल्या. एकाही डब्यात ४०० ग्रॅम भरले नाहीत. एका डब्यात ३८५ निघाले. लेबलवर मात्र ४७० च होते. मी उरलेला माल परत केला, पैसे परत मिळायला सात महिने लागले आणि तोपर्यंत तो माल शहरात इतरत्र विकला गेला असणार, याचे मला आजही वाईट वाटते.

विचार करावा की, असा ८२० ग्रॅमचा डबा बाजारात किती स्वस्त देता येतो. फळाच्या नावाखाली पाणी आणि साखर विकणारा असा व्यापारी समोर असताना प्रामाणिकपणे भरलेला डबा, मग तो ग्रीसचा असो, हिमाचलचा असो किंवा उद्याचा सुसनेरचा असो, भावात कधीच टिकणार नाही. बंदरावर आणि घाऊक बाजारात नमुने काढून निथळलेले वजन तपासले आणि कमी भरणाऱ्यांची नावे जाहीर केली, तर स्वस्त परदेशी मालातला जो भाग अन्यायाने स्वस्त आहे, तो आपोआप बाजूला होईल. उरलेल्या मालाशी आपल्याला गुणवत्तेवर आणि भावावर लढावे लागेल, आणि त्यासाठीच वर सांगितलेली जात, करार आणि संघ यांची गरज आहे.

ज्या वाचकाने मूळ पत्र लिहिले, त्यांना आणि संत्री उत्पादकांच्या प्रतिनिधींना माझे निमंत्रण आहे. रविवार सोडून कोणत्याही दिवशी दुपारी तीन ते पाच या वेळात, गर्दी कमी असताना, त्यांनी सियागंजात यावे. आपल्या संपादकीय विभागाकडे माझा पत्ता आहे. सध्या दुकानात तीन देशांचे पीचचे डबे आणि एक संत्र्याच्या फोडींचा डबा आहे. काटा आणि चाळणी मी तयार ठेवते. डबे त्यांनी स्वतः निवडावेत, स्वतः उघडावेत आणि येताना आपल्या बागेतली चार संत्री सोबत आणावीत, म्हणजे त्यांच्या फोडी त्या डब्यातल्या फोडींशेजारी ठेवून पाहता येतील.

आपली,
बेकरीच्या मालाची एक घाऊक विक्रेती,
सियागंज, इंदूर